उन्हाळ्याआधी गाडीची कूलिंग सिस्टीम कशी तपासावी: पहिल्यांदाच बोनेट उघडणाऱ्यांसाठी

मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागांत पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. सगळा दोष उन्हावर जातो. पण कूलिंग सिस्टीम धड असली तर गाडी एवढ्या उन्हातही एसी लावून, पाच माणसं घेऊन बिनघोर चालते. ऊन फक्त आधीपासून असलेला दोष उघडा पाडतं.

इंजिनात फिरून त्याला थंड ठेवणारं रंगीत द्रव, म्हणजे कूलंट, साधारण ९० ते १०० अंशांवर असतं. रेडिएटर, म्हणजे हे कूलंट गार करणारी जाळी, किती उष्णता बाहेर टाकेल, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९५ अंश धरलं, तर डिसेंबरच्या दुपारी २५ अंशांच्या हवेत हा फरक ७० अंशांचा असतो; मेमध्ये ४५ अंशांच्या हवेत तो ५० वर येतो. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद तीन दशांशाच्या आसपास घटते. अर्धवट बुजलेला रेडिएटर हिवाळ्यात निभावून नेतो आणि लगीनसराईत दगा देतो, तो यामुळे.

आपल्या भागात हा बिघाड बहुतेक दोन वाटांनी येतो. बाहेरून जाळीत बसलेली धूळ आणि कुटार (पिकाचा भुसा), आणि आतून टाकलेलं बोअरचं पाणी. दोन्ही घरच्या घरी टाळता येतात. फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या सुमारास, एक सकाळ यासाठी काढा.

जवळ काय काय ठेवायचं

- गाडीसोबत मिळालेलं माहितीपुस्तक. कूलंटचा प्रकार, एकूण किती लिटर बसतं आणि किती वर्षांनी बदलायचं, हे त्यात असतं. हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेक गाड्यांचं मिळतं.
- सर्व्हिसची जुनी बिलं. मागे कूलंट कधी बदललं आणि कोणतं टाकलं, ते त्यावरून कळतं.
- टॉर्च, जाड कापड, रबरी हातमोजे, चष्मा.
- पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, १० आणि १२ नंबरचे पाने.
- घमेलं, मापाची बाटली किंवा मग, नरसाळं, झाकणाचे रिकामे कॅन.
- मऊ ब्रश आणि साधा पाण्याचा पाईप.
- डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीच्या दुकानात मिळतं. लेबल वाचूनच घ्या, कारण त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिडही असतं.

## १. गाडी पूर्ण थंड असतानाच हात लावा

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी तपासणं सर्वांत चांगलं. गाडी चालवून आणली असेल तर किमान तीन तास थांबा. रेडिएटरचं झाकण आतलं पाणी दाबाखाली ठेवतं आणि त्या दाबामुळे ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. तापलेल्या गाडीचं झाकण फिरवलं की दाब एकदम सुटतो आणि उकळतं कूलंट तोंडावर, छातीवर उडतं. "कापड धरून हळूच उघडतो" असं म्हणणारेही भाजले आहेत. वरचा जाड होज (रबरी नळी) हाताला गरम किंवा टणक लागत असेल, तर झाकणाला हात नको.

विजेचा फॅन काही गाड्यांत चावी काढल्यावरही आपोआप सुरू होतो. फॅनजवळ काम करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा आणि उपरणं, ओढणी, सैल बाही आवरून घ्या.

## २. पातळी आणि रंग

बोनेटखाली पांढरट प्लास्टिकची टाकी असते, तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा दोन रेषा असतात. थंड गाडीत कूलंट या दोन रेषांच्या मध्ये हवं. ज्या गाडीत रेडिएटरला वेगळं झाकण आहे, तिथे तेही उघडून बघा. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असंही होतं. झाकणाचं रबर गेलं की टाकीतलं कूलंट आत ओढलंच जात नाही.

ही सिस्टीम बंद असते. धड गाडीत वर्षभरात पातळी फार तर थोडीशी उतरते. दर पंधरा दिवसांनी पाणी टाकावं लागत असेल, तर गळती आहे. ती शोधा, बाटली घेऊन फिरू नका.

थोडं कूलंट पारदर्शक काचेच्या ग्लासात काढून उजेडात धरा. स्वच्छ आणि रंगीत असेल तर ठीक. तांबूस गढूळ असेल तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग किंवा चहाच्या सायीसारखा थर असेल, तर इंजिन ऑइल किंवा गिअरचं तेल मिसळतंय. गाडी चालवू नका, मिस्त्रीला बोलवा. ग्लास पुन्हा घरात वापरू नका.

रंगावरून कूलंटचा प्रकार ओळखू नका. हिरवं, लाल, निळं, गुलाबी हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने टाकतात. दोन हिरवी कूलंटं आतून वेगळी असू शकतात आणि वेगळ्या रसायनांची मिसळली तर एकमेकांचं संरक्षण मारतात, कधी घट्ट गाळही धरतो. पुस्तकात लिहिलेलं आणि बाटलीवर लिहिलेलं जुळवा.

बोअरचं पाणी का नको. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तिथलं भूजल खारं आहे, आणि इतर गावांतही बोअरचं पाणी बहुधा जड असतं. घरातल्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच इंजिनात सर्वांत तापणाऱ्या जागी चढतो. रेडिएटरच्या नळ्या आतून जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद असतात, त्या बुजतात. खाऱ्या पाण्यातले क्षार ॲल्युमिनियमला खातात, म्हणून कूलंट फिरवणारा वॉटर पंप आणि रेडिएटर आतून सडतात. घरच्या आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, तरी त्यातही क्षार उरतात. नेहमीसाठी डिस्टिल्डच.

नुसतं डिस्टिल्ड वॉटरही पुरत नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. कूलंट पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं आणि गंज रोखतं. आपल्याला ते या दोन कामांसाठी लागतं. उलट, शुद्ध कूलंट पाणी न मिसळता भरणंही चूक, कारण पाण्याइतकी उष्णता ते वाहून नेत नाही. पुस्तकात वेगळं लिहिलं नसेल तर निम्मं-निम्मं.

## ३. झाकण

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो बारमधला दाब. साधारण एक बार दाबाखाली साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली की हा फायदा संपतो आणि बाकी सगळं ठीक असताना गाडी उकळते.

रबराला चिरा आहेत का, ते चपटं आणि कडक झालंय का, ते बघा. मधली छोटी पितळी चकती असेल तर नखाने ओढून सोडा, ती झटकन परत बसली पाहिजे. ती अडकली की गाडी थंड होताना वरचा होज चेपून आत ओढल्यासारखा दिसतो. शंका असेल तर झाकण बदला, पण त्याच आकड्याचं घ्या. जास्त आकड्याचं लावलं तर जुना होज किंवा रेडिएटरची प्लास्टिकची टाकी फुटते.

## ४. होज आणि क्लॅम्प

वरचा होज, खालचा होज आणि हीटरकडे जाणारे दोन बारीक होज. प्रत्येक दाबून बघा. चांगला होज घट्ट पण लवचीक लागतो. दाबल्यावर कडकड वाजला तर तो वाळलाय. चिखलासारखा मऊ लागला तर त्याला तेल लागलंय किंवा आतून कुजलाय. क्लॅम्पजवळ फुगा दिसला तर त्याच दिवशी बदला. गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या गोदामात उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडल्याच्या खुणाही शोधा.

जोडाजवळ पांढरा, हिरवट किंवा गुलाबी वाळलेला पापुद्रा म्हणजे तिथून बारीक गळती आहे. गरम इंजिनावर थेंब वाळून जातो म्हणून खाली डाग दिसत नाही. स्क्रूचा क्लॅम्प ताकद लावून आवळू नका, पट्टी होजमध्ये रुतते आणि तिथूनच तो कापला जातो.

## ५. रेडिएटरची जाळी: इथे वेळ द्या

सोयाबीन काढणीच्या वेळी थ्रेशरजवळून, वावराच्या कच्च्या रस्त्याने, कापसाच्या गाड्यांमागून फिरलेल्या गाडीच्या जाळीत काय साठतं, ते समोरून दिसत नाही. समोर दिसते ती एसीच्या कंडेन्सरची जाळी. तिच्यामागे बोटभर फटीवर खरा रेडिएटर असतो. कुटार, कापसाचे तंतू, किडे आणि धूळ या फटीत अडकतात आणि पहिल्या पावसात ओलं होऊन त्याचं लिंपण तयार होतं. समोरून पाणी मारून गाडी चकाचक करणाऱ्यांच्या गाडीतही हे लिंपण तसंच असतं, उलट समोरच्या धारेने ते आणखी आत ठासलं जातं.

वरच्या पट्टीचे बोल्ट काढून टॉर्च त्या फटीत सोडा. पलीकडून उजेड दिसला पाहिजे.

धुताना इंजिन थंड हवं. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने सोडा, म्हणजे हवा ज्या दिशेने आत येते त्याच्या उलट. साधा पाईप, अंगठ्याने रुंद केलेली धार. लिंपण कडक असेल तर साबणाचं पाणी शिंपडून पंधरा मिनिटं भिजू द्या, मग मऊ ब्रश वरून खाली फिरवा. आडवा फिरवला की पाती वाकतात. खाली स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडत राहा. फॅनची मोटर, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि वायरींचे सॉकेट प्लास्टिकने झाका.

वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने जाळी कधीही धुवून घेऊ नका. ॲल्युमिनियमची पाती कागदासारखी पातळ असतात, एका फवाऱ्यात भुईसपाट होतात आणि मग त्या भागातून हवाच जात नाही. नेमका हाच नाश "सर्व्हिसिंग" म्हणून पैसे देऊन करून घेतला जातो.

फट दोरीएवढी अरुंद असेल आणि लिंपण निघत नसेल, तर रेडिएटर उतरवून धुवावा लागतो. ते मिस्त्रीचं काम आहे, पण करून घ्याच. शेतातून रोज जाणारी गाडी असेल तर दिवाळीनंतर, सोयाबीन आटोपल्यावर, एकदा आणि कापूस संपल्यावर फेब्रुवारीत एकदा, असं दोनदा धुवा.

## ६. फॅन

बॅटरी जोडून गाडी सुरू करा आणि एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात फॅन फिरला पाहिजे. नंतर एसी बंद करून गाडी जागेवर चालू ठेवा; तापमानाचा काटा मध्यावर आल्यावर थोड्या वेळाने फॅन सुरू होऊन काही वेळाने थांबला पाहिजे. गाडी हमरस्त्यावर थंड राहते आणि रेल्वे फाटकावर किंवा लग्नाच्या मांडवासमोर तापते, तेव्हा पहिला संशय फॅनवर घ्या. फॅन फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटरचा सॉकेट बघा. मोटर थेट बॅटरीला जोडून कायम चालू ठेवण्याचा जुगाड करू नका. वायर तापते आणि आग लागू शकते.

जुन्या डिझेल जीपगाड्यांत फॅन पट्ट्यावर फिरतो आणि मध्ये व्हिस्कस कपलिंग (तापल्यावर फॅनची पकड घट्ट करणारा जोड) असतं. गरम इंजिन बंद करून, चावी खिशात ठेवून, पातं हाताने फिरवा. जड लागलं पाहिजे. गिरकीसारखं मोकळं फिरत राहिलं तर कपलिंग गेलंय.

## ७. पट्टा आणि वॉटर पंप

पट्ट्याच्या आतल्या बाजूला आडव्या चिरा, निघालेले धागे किंवा तेलाची चकाकी दिसली तर बदला. किती ताण हवा ते पुस्तकात असतं. काही इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथे बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्या, कारण दोन्हींसाठी उघडझाप तीच.

पंपाच्या खाली एक बारीक छिद्र असतं. आतलं सील गेलं की त्यातून कूलंट ठिबकतं. ते छिद्र काही लोक एम-सीलने बुजवतात. मग तेच पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि चालत्या गाडीत पंप जाम होतो. ठिबक दिसली की पंप बदला.

## ८. थर्मोस्टॅट वॉल

हा वॉल म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप. थंड गाडी सुरू केल्यावर वरचा होज काही मिनिटं गार राहतो आणि मग अचानक गरम होतो. वॉल उघडल्याची ती खूण. काटा वर चढतोय आणि रेडिएटरकडचा होज गारच आहे, तर वॉल बंद अवस्थेत अडकलाय. वॉल काढला असेल तर तपासणं सोपं आहे: स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या पातेल्यात पाणी तापवा, वॉल दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका. त्यावर छापलेल्या तापमानाला, साधारण ८२ ते ८८ अंशांना, तो उघडायला लागला पाहिजे.

"आपल्याकडे ऊन आहे, वॉल काढूनच टाका" हा सल्ला गावोगावी मिळतो. ऐकू नका. वॉल नसेल तर इंजिन वेळेत गरम होत नाही, डिझेल-पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. शिवाय पुष्कळ इंजिनांत वॉल उघडताना बायपासची वाट बंद करतो. वॉलच नसेल तर गरम पाणी रेडिएटर टाळून तिथूनच फिरत राहतं आणि गाडी चढावर आणखी तापते.

## ९. कूलंट बदलणे

१. गाडी थंड, सपाट जागा, हीटर पूर्ण गरमवर. हीटरचं बटण आपण वर्षानुवर्षं फिरवत नाही. काही गाड्यांत ते बंद असेल तर आतलं जुनं कूलंट तसंच राहतं.

२. झाकण उघडा, खाली घमेलं ठेवा, रेडिएटरचा तळाचा नट सैल करा. नट नसेल तर खालचा होज काढा. टाकीही रिकामी करून धुवा.

३. किती निघालं ते मोजा. पुढचा सगळा हिशेब यावर आहे.

४. नट लावून डिस्टिल्ड वॉटर भरा, वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवा, पूर्ण थंड होऊ द्या, काढा. स्वच्छ निघेपर्यंत हे करा, बहुधा दोन-तीनदा. गरम इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं.

५. आता भरणं. समजा पुस्तकात एकूण ५ लिटर आहे आणि तुमच्या घमेल्यात ३.२ लिटर निघालं. म्हणजे १.८ लिटर डिस्टिल्ड वॉटर इंजिनात उरलंच आहे. निम्मं-निम्मं हवं तर आधी २.५ लिटर शुद्ध कूलंट टाका, मग ०.७ लिटर डिस्टिल्ड. इथे बहुतेक जण आधीच पाणी मिसळलेलं तयार कूलंट ३.२ लिटर भरतात. त्यात कूलंट १.६ लिटरच असतं, आणि ५ लिटरला ते फक्त ३२ टक्के पडतं. धुतल्यानंतर भरायचं असेल तर शुद्ध कूलंटच आणा. तयार मिश्रण वरून थोडं भरायला चांगलं.

जुनं कूलंट उघड्यावर ठेवू नका. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकोल असतं. ते चवीला गोड आणि विषारी. अंगणात घमेलं तसंच राहिलं तर कुत्रं, शेळी, वासरू पिऊन जातं आणि किडनी निकामी होऊन मरतं. लहान मुलांच्या हाती लागलं तर तितकंच घातक. कोणी प्यायलं तर लगेच दवाखाना. नालीत, विहिरीजवळ, उकिरड्यावर ओतू नका. कॅनमध्ये भरून, वर "विष" लिहून, गॅरेजला द्या. सांडलेलं भरपूर पाण्याने धुवा.

## १०. हवा काढल्याशिवाय काम संपत नाही

नवं कूलंट टाकल्यावर दोन दिवसांत गाडी तापली, तर आत हवा अडकलेली असण्याची शक्यता मोठी. गाडीचं तोंड चढाकडे करा, धुऱ्याचा किंवा अंगणाचा थोडा उतारही पुरतो. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून अखंड धार येईपर्यंत उघडा ठेवा. झाकण न लावता, हीटर गरमवर ठेवून इंजिन जागेवर चालवा. चेहरा लांब ठेवा. वरचा होज अधूनमधून दाबा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, तशी भरत जा. कूलंट वर यायला लागलं की झाकण लावा, आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून गरम हवा आली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड गाडीत, पुन्हा पातळी बघा.

## ११. रस्त्यात काटा चढला तर

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना, एसी आणि पूर्ण लोड असताना, अशी वेळ येते. नव्या पुष्कळ गाड्यांत काटाच नसतो, फक्त दिवा असतो: निळा म्हणजे इंजिन थंड, लाल म्हणजे फार तापलंय.

एसी बंद करा. काचा उघडून हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात करा; हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे. उन्हाळ्यात हे नकोसं वाटतं, पण काटा खाली येतो. सुरक्षित जागा बघून थांबा. वाफ येत असेल किंवा लाल दिवा लागला असेल तर इंजिन लगेच बंद करा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" या तीन-चार किलोमीटरमध्येच हेड वाकतं.

एक फसवणूक लक्षात ठेवा. कूलंट पूर्ण निघून गेलं की सेन्सर हवेत राहतो आणि काटा अचानक खाली पडतो. गाडी थंड झाली असं वाटतं, प्रत्यक्षात इंजिन जळत असतं. हीटरमधून गार हवा येऊ लागली आणि काटा पडला, तर तिथेच थांबा.

किमान पाऊण तास थांबून, होज हाताला गार लागल्यावरच झाकण उघडा. तेव्हा बाटलीबंद किंवा फिल्टरचं पाणी चालेल, हळूहळू भरा. हळद किंवा लीक बंद करायची पावडर टाकू नका; गळती बंद होवो न होवो, रेडिएटरच्या नळ्या आणि हीटर नक्की बुजतात.

## १२. मिस्त्रीकडे नेल्यावर

आधी प्रेशर टेस्ट करायला सांगा. झाकणाच्या जागी हातपंप लावून, झाकणावरच्या आकड्याएवढा दाब देऊन दहा-पंधरा मिनिटं ठेवतात. दाब उतरला आणि बाहेर कुठे थेंब दिसला, तर गळती सापडली. दाब उतरतोय पण बाहेर सगळं कोरडं आहे, तर गाडीत पुढच्या सीटसमोरचा, पायाखालचा गालिचा हाताने चाचपा. ओला असेल तर हीटर गळतोय. तोही कोरडा असेल तर हेड गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय घ्या. थंड गाडी सुरू करताच होज टणक होणं, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधट लोणी, ही त्याची लक्षणं. हेड उतरवलंच, तर ते सरळपट्टी आणि फीलर गेजने (बारीक फट मोजायच्या पात्यांनी) तपासून, वाकलं असेल तर घासून घेतल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका.